मागच्या लग्नातली नवरी

मांडवाच्या धंद्यात किस्से गोळा करायला वेगळं कुठं जावं लागत नाही. लग्न झालं की आम्ही खांब, पडदे, खुर्च्या, सतरंज्या टेम्पोत भरतो आणि त्यांच्याबरोबर एखादा किस्सा आपोआप चढून येतो. गोदामात सामान आपापल्या जागेवर लागतं. किस्सा मात्र मोकळाच फिरत राहतो. पुढच्या लग्नात चहाच्या वेळी कुणीतरी त्याला बरोबर बाहेर काढतो, आणि सांगता सांगता तोही थोडा बदलतो. म्हणून म्हटलं, आणखी बदलायच्या आत लिहून टाकावेत.

मी आठवीनंतर शाळा सोडली आणि भोकरदनला पारसशेटच्या मंडप डेकोरेशनमध्ये लागलो. माझं काम नवरा-नवरीची नावं कापायचं. स्टेजच्या मागं मोठ्या अक्षरांत जी नावं लावतात, ती मी थर्माकोलची कापायचो. म्हणून सगळे मला 'थर्माकोल' म्हणायला लागले. पुढं थर्माकोल बंद झाला, फोमशीट आली. मी फोमशीट कापायला लागलो, पण माझं नाव काही बदललं नाही. खरं नाव भागवत आहे. हे इथंच सांगून ठेवतो, पुढं लागेल.

आमची मंडळी मोजकीच. पारसशेट मालक. त्यांचे आजोबा राजस्थानातून इकडं आले, तेव्हापासून घर भोकरदनलाच. शेट मराठी बोलता बोलता हिंदीत जातात आणि फारच रागावले तर मारवाडीत. सलीमभाई टेम्पो चालवतात, शिवाय जनरेटर आणि साऊंड त्यांच्याकडं. आणि बबनमामा. ते कुणाचे मामा हे कुणालाच माहीत नाही, पण सगळ्यांचे आहेत. मांडव उभा करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही, पण त्यांना त्याचं काही वाटत नाही. त्यांचा जीव माईकमध्ये. "नवरदेवाचं मांडवात आगमन झालेलं आहे" हे वाक्य ते असं म्हणतात की नवरदेव स्वतःसुद्धा मागं वळून बघतो, कोण आलं म्हणून!

*

एका मोसमात तिथी फार दाट आल्या होत्या. काल सिपोऱ्याला लग्न, आज आन्व्याला, उद्या आणखी कुठं तरी. रात्री मांडव काढायचा, सकाळी दुसरीकडं लावायचा. झोप टेम्पोतच.

सकाळी सलीमभाईंनी टेम्पो थांबवला. आम्ही डोळे चोळत उतरलो आणि खांब काढायला लागलो. बबनमामा जागा बघून एकदम खूश.

"बघा रे, माणसं किती समजदार हायेत! खांबाचे खड्डे आधीच खणून ठेवलेत!"

आम्हालाही बरं वाटलं. खड्डे अगदी आमच्या मापाचे होते. खांब घातले की फिट्ट बसत होते. कडुनिंबाखाली एक आजोबा बाजेवर बसून आमचं काम बघत होते. त्यांनी आम्हाला पाणी दिलं, चहा दिला. सगळा मांडव उभा राहिला, झालर लागली, आणि मी स्टेजमागं चढून नावं लावायला लागलो तेव्हा आजोबा उठून जवळ आले.

"आमच्या पोरीला तर काल वाटं लावलं. मंग हे कोणाचं हाय?"

हे कालचंच सिपोरा गाव होतं! सलीमभाई सवयीनं कालच्याच रस्त्याला लागले होते. मामांनी कपाळाला हात लावला.

"आजोबा, इतका येळ का न्हाई बोलले तुम्ही?"

"मला वाटलं, तुमच्यात दुसऱ्या दिवशी बी लावायची पद्धत असंल!"

*

आता दीपकचा किस्सा.

एका आठवड्यात दोन लग्नं, आणि दोन्हीकडं नवरदेवाचं नाव दीपक. पहिल्या दीपकची नवरी प्रतीक्षा, दुसऱ्याची स्वाती. मी दीपकची अक्षरं तीच वापरली, फक्त नवरीची नवी कापली. माझं काम वाचलं, म्हणून मी आनंदात.

दुसरं लग्न. वऱ्हाडी बसले, भटजी उभे राहिले, मामांनी माईक हातात घेतला आणि आवाज असा काढला की लांब बांधलेल्या म्हशींनीही माना वर केल्या.

"चिरंजीव दीपक! आणि चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी प्रतीक्षा!"

मांडव गार! नवरीचा बाप उठून उभा राहिला. "कोण प्रतीक्षा?"

मामांच्या मागंच मी कापलेली 'स्वाती' दिव्यांनी उजळून निघाली होती. पण मामांची पाठ तिकडं. मी खालून हात हलवून दाखवत होतो. मोठ्यानं सांगायचं धाडस मला होत नव्हतं, कारण चार माणसांत माझा आवाज फुटत नाही. मामांना वाटलं, मी आवाज वाढवा म्हणतोय. त्यांनी वाढवला.

"प्रतीक्षा!"

हे चुकीनं झालं, असं सांगितलं असतं तर विषय तिथंच मिटला असता. पण तेवढ्यात सगळ्यांचं लक्ष नवरदेवाकडं गेलं. त्याचा चेहरा असा पांढराफटक पडला होता की दोन्हीकडच्या मंडळींना एकच शंका आली. मामांना नक्की काहीतरी माहीत आहे!

नवरदेवाच्या मामानं बबनमामांना बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

*

या प्रकरणानंतर शेट खवळले. त्याच दिवशी त्यांचा स्वतःचा फोनही बंद पडला होता, तो राग वेगळा.

फोनचं असं झालं. शेटचा मुलगा हर्ष संभाजीनगरला कॉलेजात मानसशास्त्र शिकतो. त्यानं शेटना फोनचा पिन बदलून दिला. शेटनी नवा पिन पाठ व्हावा म्हणून दिवसभर गोदामात मोठ्यानं म्हटला. आमच्या सगळ्यांचा तोंडपाठ झाला. शेटच्या बोटांतून मात्र जुनाच निघायचा! शेवटी फोन कुलूपबंद. मग शेट भर बाजारातून दुसऱ्याच्या फोनवरून सलीमभाईंना विचारायचे, "सलीम, मेरा पिन बोल!"

सलीमभाई सांगायचे. आजूबाजूच्या दुकानदारांचाही तो पाठ झाला. म्हणून हर्षनं पुन्हा बदलला. आता शेटना पहिला आठवतो, आम्हाला दुसरा आठवतो आणि तिसरा कुणालाच नाही!

हर्ष सुट्टीला आला होता. गोदामात सतरंज्यांच्या थप्पीवर बसून त्यानं आम्हाला समजावलं.

"पप्पा, जुनी गोष्ट पुसली जात नाही. दोन गोष्टी सारख्या असल्या की एक दुसरीच्या आड येते. कधी जुनी नवीला येऊ देत नाही, कधी नवी जुनीला. दीपक म्हटलं की प्रतीक्षा आधी येते, कारण ती आधी बसलीय. मामा विसरले नाहीत. त्यांच्या डोक्यात गर्दी झालीय."

मामा ताठ बसले. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"ऐकलं का शेट? मी विसरून न्हाई राह्यलो! मला जास्तीचं आठवून राह्यलंय!"

"तो कमी याद कर ना बाबा!" शेट ओरडले.

*

हर्षनं जाता जाता मामांना एक उपाय सांगितला. प्रत्येक नाव वेगळ्या वासाशी किंवा चवीशी जोडायचं, म्हणजे नावं एकमेकांत मिसळत नाहीत. मामांनी तो एकदम मनावर घेतला. सकाळपासून तोंडात लवंग धरायची आणि नवरीचं नाव घोकायचं. पुढच्या लग्नाला ओवा, त्याच्या पुढच्याला बडीशेप.

काही लग्नं फार छान गेली. मामांच्या खिशात मसाल्याचं दुकान असायचं. शेटही खूश. "बबन, तोंडाला वास बी चांगला येतो!"

मग राजूरचं एक लग्न आलं. पाहुणे तालेवार. मामा पांढराशुभ्र शर्ट घालून आले, आणि तिथंच घोळ झाला. मसाला राहिला कालच्या शर्टात!

मुहूर्त जवळ आला. मामांनी माईक घेतला. नवरदेवाचं नाव झोकात घेतलं. "आणि चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी..." पुढं काही येईना. मामा माईक छातीशी धरून माझ्याकडं वळले आणि अगदी दबक्या आवाजात बोलले. पण सलीमभाईंनी आणलेला माईक नवा होता. छातीशी धरला तरी सगळं ऐकू जात होतं.

"थर्म्या, पळ! लवंग आण! नवरी आठवना!"

आचाऱ्याकडून लवंग येईपर्यंत भटजी, वऱ्हाडी आणि अंतरपाटाच्या दोन्ही बाजू ताटकळत उभ्या. मामांनी लवंग चावली, डोळे मिटले आणि म्हणाले, "वैशाली!"

टाळ्या पडल्या. लग्नातल्या सगळ्यात जास्त टाळ्या त्याच.

*

शेटनी मामांकडून माईक काढून घेतला. आणि दिला कुणाला? मला!

"थर्माकोल, नावं तू कापतोस. तुझं कधी चुकलं नाही. तूच बोल."

मी हात जोडले. म्हटलं, शेट, खांब उचलायला सांगा, खड्डे खणायला सांगा, टेम्पोखाली झोपायला सांगा, पण माईक नको. चार पाहुण्यांसमोर मला पाणी मागता येत नाही. शेट म्हणाले, "दोन नाम बोलना है, भाषण नाही देना!"

दोन दिवस मी घोकत होतो. नावं पक्की होती. मी स्वतः कापली होती, बोटांना पाठ होती. लग्नाच्या दिवशी स्टेजवर चढलो. समोर नुसती माणसंच माणसं. माईक तोंडाजवळ नेला.

आता माईकशी माझा आजवरचा संबंध एवढाच होता, की लग्नाच्या आधी रिकाम्या मांडवात मी उभा राहायचो आणि सलीमभाई लांबून आवाज बघायचे. माईक तोंडाजवळ आला की माझ्या तोंडातून फक्त एकच गोष्ट बाहेर पडते. तीच पडली.

"हॅलो. हॅलो. माईक टेस्टिंग."

लोक माईककडं बघायला लागले. मी पुन्हा प्रयत्न केला.

"हॅलो. माईक टेस्टिंग. वन, टू, थ्री."

लांबून सलीमभाईंनी सवयीनं अंगठा दाखवला. "बराबर है! और बोल!"

मी और बोललो. "वन, टू, थ्री!"

भटजी कानाशी येऊन म्हणाले, "बाळा, माईक चांगला आहे. आता मुहूर्त टळतोय." मी त्यांच्याकडं बघितलं आणि त्यांनाही म्हणालो, "हॅलो!"

*

माईक परत मामांकडं गेला. पण शेटनी शेवटची ताकीद दिली. "बबन, अजून एक नाव चुकलं तर जालन्याहून माणूस आणणार. उसके पास डिप्लोमा है, सूट घालून येतो." त्या दिवसापासून मामांचं जेवण कमी झालं. मांडवाच्या कामातही त्यांचं लक्ष लागेना. मला एकदा म्हणाले, "थर्म्या, माईक गेला तर मी नुसता खांब रोवणारा माणूस राह्यलो रे."

आणि पुढचं लग्न होतं माझं!

इथं एक अडचण होती. माझं आधी एकीकडं जमत आलं होतं. मुलीचं नाव कविता. बोलणी चालू होती तेवढ्यातच मामांनी उत्साहात 'भागवत आणि कविता' घोकायला सुरुवात केली होती. गोदामात, टेम्पोत, खड्डे खणताना. पुढं कविताच्या घरच्यांना नोकरीवाला मुलगा मिळाला, आमचं राहिलं. पण मामांच्या डोक्यातली कविता काही गेली नव्हती.

मग मीराचं स्थळ आलं, जाफराबादकडचं. बघायला गेलो तेव्हा मी पोह्यांकडं बघत बसलो होतो. तिनंच विचारलं, "काय काम करता?"

"नावं कापतो," मी म्हणालो.

ती खुदकन हसली. माझं तिथंच ठरलं. तिचं का ठरलं, ते तिनं अजून सांगितलेलं नाही.

लग्न ठरल्यावर मी फोनवर तिला सगळं सांगून टाकलं. कविताचं, मामांचं, सूटवाल्या माणसाचं. म्हटलं, आमच्या मामांना माईक दिला नाही तर ते खचतील, आणि दिला तर तुझ्या माणसांसमोर काय होईल सांगता येत नाही. ती म्हणाली, "मामांनाच बोलू द्या. पण त्यांना म्हणावं, काहीबी म्हणा, फक्त कविता म्हणू नका! आमचे बाबा उठून जातील."

मी मामांना तसंच सांगितलं. त्या दिवसापासून मामांनी दुसरं काही बोलणंच सोडलं. चहा हवा असला तरी "मीरा." सलीमभाईंनी टेम्पो मागं घेतला की "मीरा, मीरा, मीरा, बस!" आम्ही सगळे मिळून त्यांच्याकडून मीरा घोटून घेत होतो. लवंग, ओवा, बडीशेप, सगळं एकाच वेळी तोंडात!

*

लग्न आमच्याच गल्लीत होतं. मांडव शेटनी दिला आणि झालर माझ्या आवडीची लावली. स्टेजमागची नावं मात्र मी कुणाला कापू दिली नाहीत. 'मीरा' आधी कापली. 'भागवत' कापायच्या आत हळदीला ओढून नेलं, ते राहूनच गेलं. स्टेजवर नुसतीच 'मीरा' चमकत होती.

मुहूर्ताची वेळ झाली. मी अंतरपाटामागं उभा. शेट पहिल्या रांगेत मांडी घालून बसले होते. मामांनी लवंग दाढेखाली सरकवली आणि माईक घेतला. माझ्या सासऱ्यांचं लक्ष माईककडंच होतं. सलीमभाई डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते.

"चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी," मामा म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी नवरीपासून सुरुवात केली होती. थांबले. श्वास घेतला. "मीरा!"

सलीमभाईंनी आनंदाच्या भरात जनरेटरलाच मिठी मारली, भाजलं, आणि परत सोडली. सासरे हसले. मीरा अंतरपाटाच्या पलीकडं हसल्याचं मला ऐकू आलं. शेटनी मान डोलावली. जिंकलो!

"आणि चिरंजीव..."

मामा माझ्याकडं बघत राहिले. मी त्यांच्याकडं. इतकी वर्षं एका ताटात जेवलो आम्ही. त्यांनी मागं वळून स्टेजकडं बघितलं. तिथं नुसतीच मीरा!

"आणि चिरंजीव... आपला... आपला हा..." सगळा जीव एकवटून मामांनी आवाज लावला, "थर्माकोल!"

मांडव हसून हसून आडवा झाला. भटजींच्या हातून अक्षता सांडल्या. फक्त शेट हसले नाहीत. मंगलाष्टकं झाल्यावर ते मामांच्या जवळ गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "बबन, नवरी बरोबर आली. पण नाव चुकलं ते चुकलं. अगली लगन से जालनेवाला बोलेगा." मामांनी माईक सलीमभाईंच्या हातात दिला आणि जाऊन पंगतीच्या पत्रावळ्या मोजायला लागले.

पण मामांनी लावलेला आवाज साधा नव्हता. तो सगळ्यांच्या कानात बसला. फोटोवाला म्हणे, "थर्माकोलभाऊ, इकडं बघा." आहेर देणारे म्हणत, "थर्माकोलला बोलवा रे." मीराच्या मावशीनं मला जिलबी वाढली, "घ्या थर्माकोलराव, लाजू नका." तिची लहान बहीण दिवसभर माझ्यामागं "थर्माकोलदाजी, थर्माकोलदाजी" करत फिरत होती.

संध्याकाळी मीरा घराच्या दाराशी उभी. उंबऱ्यावर तांदळाचं माप. माझी आत्या दार अडवून बसली. "नाव घेतल्याबिगर आत सोडायची न्हाई!" सलीमभाईंनी वायर ओढत माईक थेट दारापर्यंत आणला आणि मीराच्या हातात दिला. गल्ली गोळा झाली. शेट पुढं, मामा सगळ्यांच्या मागं, खांबाला टेकून.

मीरानं महिनाभर उखाणा पाठ केला होता. मला फोनवर रोज म्हणून दाखवायची, 'भागवतराव' म्हणताना एकदाही चुकली नव्हती. तिनं पदर सावरला, माझ्याकडं बघितलं आणि खणखणीत आवाजात सुरू केलं.

"मांडवाच्या दारी केळीचे खुंट दोन,
थर्माकोलरावांशिवाय मला आपलं कोण!"

गल्लीतल्या सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. आत्या दार सोडून उभी राहिली. शेटनी एकदा मीराकडं बघितलं, एकदा खांबाला टेकलेल्या मामांकडं. मग खिशातून फोन काढला, पिन चुकला, पुन्हा टाकला, पुन्हा चुकला. शेवटी फोन तसाच सलीमभाईंकडं देत म्हणाले, "सलीम, खोल इसको. उस जालनेवाले को मना बोलना है."

मीरा घाबरून माझ्याजवळ सरकली. "काय झालं? बरोबर घेतलं ना?"

"बिलकुल बरोबर," मी म्हणालो.

माईक चालूच होता!